काचेतला उजेड पुसू नका

महोदय,

आधुनिक कॅथेड्रलच्या छायाचित्रांत पहिला बळी जातो तो रंगीत काचेचा, आणि ते पाहून वाईट वाटते. लिव्हरपूलच्या मेट्रोपॉलिटन कॅथेड्रलमध्ये (१९६७) मनोऱ्याच्या काचांतून उतरणारा रंगीत उजेड हाच वास्तूचा प्राण आहे. ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगछटा आपोआप समतोल करणारी कॅमेऱ्याची सोय) मात्र ती छटा दोष समजून फिकी करतो. म्हणून रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) घ्यावी आणि व्हाइट बॅलन्स ५२०० केल्विनच्या (प्रकाशाच्या रंगछटेचे एकक) आसपास कायम ठेवावा. एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा ते) काचेवर बेतावे. एकत्रित हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसत असतानाही निळा चॅनेल उडालेला, म्हणजे अतिउजेडाने तपशील गमावलेला, असू शकतो, तेव्हा तिन्ही रंगांचे आलेख वेगळे तपासावेत. आयएसओ (संवेदनक्षमता) १००, एफ/८ (लेन्सच्या छिद्राचे माप) ठेवून, दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट वा निम्मा) अंतराने घेतलेल्या तीन ते पाच फ्रेम पुरतात. ट्रायपॉडची परवानगी आधीच विचारावी. फ्रेम जोडल्यावर काचेच्या कडेला करडी प्रभा उमटली, तर एचडीआर (कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम आपोआप एकत्र करण्याची पद्धत) सोडून मास्कने, म्हणजे प्रत्येक फ्रेमचा हवा तो भाग निवडून, हातानेच जोडणे बरे.

फोटोत कललेल्या उभ्या रेषा सुधारण्याआधी लेन्स प्रोफाइल (लेन्समुळे आलेली वक्रता काढणारी सॉफ्टवेअरमधली सोय) लावावे. या दुरुस्तीत कडा कापल्या जातात, त्यामुळे फ्रेम मुळातच ऐसपैस हवी. ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया इथल्या कॅथेड्रलचे तर १६ही खांब वक्र! तिथे सॉफ्टवेअरला सरळ रेषाच सापडत नाही. कॅमेरा लेव्हलवर ठेवूनच टिपावे.

– एक वास्तुछायाचित्रकार