शंखांवरची पांढरी पूड बुरशी नव्हे

महोदय,
सोलापुरातल्या अनेक प्रयोगशाळांत शंखांचे जुने संग्रह आजही लाकडी कपाटांत आहेत. पावसाळ्यात शंखांवर पांढरी पूड धरते, आंबूस वास येतो आणि बुरशी समजून ती पुसली जाते. खरे तर लाकूड, पुठ्ठा, बूच यांतून सुटणारी ॲसिटिक व फॉर्मिक आम्लाची वाफ शंखातला चुना खाते. पूड म्हणजे त्याचेच क्षार. खोल समुद्रातल्या सेग्वेन्झियासारख्या जेमतेम काही मिलिमीटरच्या गोगलगाईचा शंख फार पातळ, तो सर्वांत आधी जातो. वरची बारीक नक्षी विरली की जात ओळखणेच कठीण!

असे शंख दिवसभर स्वच्छ पाण्यात ठेवून, पाणी दोन-तीनदा बदलून, सावलीत पूर्ण वाळवावेत. मग प्लास्टिक झाकणाची काचनळी आणि लोखंडी कपाट. कापूस मुळीच नको. धागे शिखरात अडकतात, ओढताना टोक मोडते. प्राण्यासह नमुना असेल तर ७० ते ८० टक्के अल्कोहोल वापरावे, कारण फॉर्मेलिन कालांतराने आम्लधर्मी होऊन शंख विरघळवते. नमुना मिळाला त्या जागेची पाण्याची खोली, अक्षांश-रेखांश, तारीख यांची चिठ्ठी नळीच्या आतच, पेन्सिलीने लिहून ठेवावी. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

– प्राणिशास्त्राचे काही शिक्षक, सोलापूर