अपुऱ्या गोष्टींचं रान

प्रिय मित्रा,

तुझ्या मागच्या पत्राच्या तळाशी एकच ओळ होती. 'राजानं रानाला शब्द दिला, माझ्या घरात आज जे अपुरं असेल ते तुझं.' तिच्याखाली तुझी सही. ती ओळ सहज सुचली म्हणून लिहिलीस की मला काही करायला लावायचं म्हणून, ते तूच जाणे. पण गेले चार महिने मी त्या रानातच आहे. आपण इतकी वर्षं ज्या गेमबद्दल बोलत आलो, जो कोणी बनवत नाहीये आणि बहुधा बनवणारही नाही, त्याची एकतीस चित्रं आता माझ्या टेबलावर आहेत. पत्र लांबणार आहे, निवांत बसून वाच.

गोष्ट मी अशी पुढे नेली. राजाला वाटलं, घरात अपुरं असून असून काय असेल? एखादी भिंत, एखादा जोडा. पण राजाचं घर म्हणजे अख्खं राज्य, हे रानाला ठाऊक होतं. त्या रात्री राज्यातलं जे जे पुरं व्हायचं राहिलं होतं ते सगळं रानानं उचललं. अर्धे जिने, तीन पायांच्या खुर्च्या, एकच ओळ शिकलेला पक्षी, कुणाच्या तोंडातलं अर्धं वाक्य. राणी लेकीसाठी झगा शिवत होती. एक बाही लागली होती, दुसरी लागायची होती. लेकीला धीर धरवेना, म्हणून तिनं तो तसाच अंगात घालून पाहिला होता. झग्याबरोबर तीही गेली. गेममध्ये आपण ही मुलगी असतो. एक हात झाकलेला, एक उघडा.

पहिली पाच चित्रं मी फाडली. रागानं नाही, ती चुकलीच होती. मी पडकी घरं काढली होती, मोडके पूल, फुटकी भांडी. बघणाऱ्याला वाटावं की इथे युद्ध होऊन गेलंय. दोन दिवस मला कळेना काय बिनसलंय ते. मग माझ्याच शिवणाच्या डब्यातला एक अर्धा राहिलेला सदरा हातात आला आणि मी तो खिडकीत धरून पाहत बसले. मोडलेली वस्तू आणि अपुरी वस्तू यांच्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. मोडलेल्या वस्तूची कड दातेरी असते, खाली तुकडे पडलेले असतात, तिला मागचा काळ असतो. अपुऱ्या वस्तूची कड स्वच्छ असते. तिच्यावर खडूच्या खुणा असतात, कच्चे टाके असतात, सुई टोचून ठेवलेली असते. लाकडात खाच पाडलेली असते आणि तीत बसणारी पट्टी कापलेलीच नसते. तिचं सगळं लक्ष पुढे लागलेलं असतं. मोडक्या वस्तूची आपल्याला कीव येते, पण अपुरी वस्तू आपल्याकडून काहीतरी मागते. तुझ्या ओळीतली भीती नेमकी तिथे आहे, हे मला त्या सदऱ्यामुळे कळलं.

त्यानंतर चित्रं झरझर आली. मागावर नुसता ताणा चढवलेला, बाणा नाहीच, आणि त्या उभ्या धाग्यांमधून जाणारी पायवाट. तिलाच मी रानाचं दार केलं. झाडंही तशीच. खोडावर सालीचा अर्धाच थर, वरच्या फांद्या फक्त पेन्सिलच्या रेषांनी सुचवलेल्या. इथे मला एक फार आवडलेली गोष्ट सापडली. गेमसाठी चित्रं काढणारे आधी रेषा टाकतात, मग आकार भरतात, मग छाया, मग बारकावे. मी हे सगळे टप्पे चित्रात तसेच राहू दिले. रानाच्या कडेला सगळं जवळजवळ पूर्ण रंगवलेलं आहे. जसजशी मुलगी आत जाते तसतसे बारकावे गळतात, मग छाया जाते, आणि अगदी गाभ्यात कागदाचा पांढरा रंग आणि चारदोन रेषा एवढंच उरतं. म्हणजे आपल्या गोष्टीतला सर्वांत भयाण भाग सर्वांत उजळ आहे. हे ठरवलं नव्हतं, हात तिकडे गेला.

काळोखाविषयी मात्र मला परत शाळेत बसावं लागलं. काळी परीकथा म्हटलं की हात आधी काळ्या रंगाकडे जातो. मी स्वीडनच्या यॉन बाउअरची चित्रं पुन्हा काढून पाहिली. १८८२ ते १९१८ एवढंच आयुष्य मिळालं त्याला. त्याची रानं आठव. त्यात निखळ काळा फार थोडा. राखाडी, तपकिरी, शेवाळी अशा एकाच कुळातल्या छटा, इतक्या जवळजवळच्या की दगड कुठे संपतो आणि ट्रोलचं, म्हणजे तिकडच्या गोष्टींतल्या रानराक्षसाचं, नाक कुठे सुरू होतं ते कळू नये. आणि त्या सगळ्यात एकच उजळ जागा, नखाएवढी. १९१३ सालच्या एका चित्रात अंधाऱ्या डोहाकाठी एक मुलगी पाण्यात बघत बसली आहे. अख्ख्या रानात उजेड काय तो तिच्याच अंगाचा. मी ते चित्र राखाडीत उतरवून त्यातल्या छटा मोजत बसले तेव्हा कळलं, अंधार गडद करून काही होत नाही. ती एक जागा जपावी लागते. मग मी नियम केला. प्रत्येक चित्र आधी बोटभर आकाराचं, फक्त तीन राखाडी छटांत. तेवढ्यात मुलगी सापडली नाही तर ते चित्र मोठं करायचंच नाही.

आता लाल दोऱ्याविषयी. याबद्दल तुला सांगायला मी किती उतावीळ झाले आहे, तुला कल्पना नाही. राणीनं झगा लाल दोऱ्यानं शिवला होता आणि मुलीला रानात ओढून नेताना तो उसवत गेला, म्हणून परतीची वाट त्या दोऱ्यानं दाखवलेली आहे. हे ऐकायला सोपं वाटतं. पण मी तो दोरा चांदण्यात रंगवायला घेतला आणि तो खोटा दिसू लागला, जणू विजेची तार. कारण शोधता शोधता यान पुर्किन्ये या शरीरशास्त्रज्ञापाशी पोचले. १८१९ च्या सुमारास त्याच्या लक्षात आलं की भर दुपारी भडक लाल दिसणारी फुलं पहाटेच्या अंधुक उजेडात काळपट दिसतात, हिरवी पानं मात्र त्यांच्यापेक्षा उजळ वाटतात. उजेड कमी झाला की आपले डोळे दुसऱ्या प्रकारच्या पेशींवर भिस्त ठेवतात, आणि त्या पेशींना लाल रंग जवळपास दिसतच नाही. निळा आणि हिरवा त्यांना चांगला कळतो. म्हणजे चांदण्यात लाल दोरा काळा पडतो, मातीत हरवतो. रानाला तो लपवावाच लागत नाही!

हे वाचलं आणि अख्खा गेम माझ्यापुढे उभा राहिला. मुलीजवळ एक छोटा कंदील आहे. कंदील पेटवला की दोरा लाल होऊन उठतो आणि वाट दिसते, पण त्याच उजेडात ती सगळ्यांना दिसते. कंदील विझवला की ती सुरक्षित, पण वाट गेली. एवढ्या एका गोष्टीवर खेळ उभा राहतो, आणि त्यात जादू कुठेच नाही, माणसाचा डोळाच तसा आहे. त्यामुळे लाल रंग मी बाकी सगळीकडून काढून टाकला. एकही लाल फळ नाही, लाल टोपी नाही, ओठसुद्धा नाहीत.

आणि राक्षस? तो मी काढलेला नाही. रानाच्या गाभ्याआधी एक घर आहे. त्या घरात एक बाई राहते, ती अपुऱ्या गोष्टी पुऱ्या करते. तिला नाव दिलेलं नाही, मी मनात 'पुरती करणारी' म्हणते. तिच्याकडे गेलेल्या खुर्चीला चौथा पाय लागतो, पक्ष्याला पूर्ण गाणं मिळतं. आणि त्यानंतर खुर्ची खुर्चीच राहते, पक्षी तेच गाणं त्याच सुरात म्हणत राहतो. तिचं घर अगदी सारखं आहे. डावी बाजू उजवीसारखी, फळ्यांमध्ये फट नाही, धुराड्यातून धूर नाही. एकवीस चित्रं वाकड्यातिकड्या रेषांची पाहिल्यावर बाविसाव्यात हे नीटनेटकं घर समोर आलं की पोटात गोळा येतो. मी तिला नखं, सुळे, कुबड काहीच दिलं नाही. फक्त राणीचेच हात दिले, अंगठ्यावरच्या सुईच्या खुणांसकट.

हे फार क्रूर झालं का, असा प्रश्न मलाही पडला होता. पण ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत त्यांनी तिला सावत्र केलं. तो बदल का केला असेल हे मी समजू शकते. तरी जुनी गोष्ट जास्त खरी वाटते मला. जी आपल्याला पुरं करू पाहते तिच्याच हातांची भीती वाटणं, हे मूल असताना मला माहीत होतं. तुलाही माहीत होतं, तू एकदा सांगितलं होतंस. म्हणून ते हात मी बदलणार नाही.

थोडं कामाचं. चित्र आणि गेम यांतला मोठा फरक म्हणजे गेममध्ये माणूस मागे वळून पाहू शकतो. म्हणून प्रत्येक जागा मी दोनदा काढली आहे, जाताना दिसते तशी आणि परतताना दिसते तशी. पाहणाऱ्याचा डोळा कायम मुलीच्या उंचीवर ठेवला आहे. टेबलं खालून दिसतात, दाराच्या कड्या डोक्यावर येतात. परतीच्या चित्रांत मात्र डोळा बोटभर वर सरकलेला आहे. ती रानात वाढली आहे. हे कुठेही लिहून सांगायचं नाही.

आणि इथे मी अडले आहे. बत्तिसावं चित्र अपुरंच आहे. पुरती करणारीच्या टेबलावर दुसरी बाही तयार पडली आहे, टाके घालायचेच बाकी आहेत. ती लागली तर झगा पुरा होतो, मुलगी अपुरी राहत नाही, आणि रानाचा तिच्यावरचा हक्क संपतो. पण पुऱ्या झालेल्यांचं काय होतं ते तिनं पक्ष्याच्या बाबतीत पाहिलं आहे. बाही घेतली नाही तर ती रानाचीच राहते. मी टेबल काढलं, बाही काढली, उजेड काढला. हात काढायला घेतला की पेन्सिल थांबते, कारण तो हात पुढे येतोय की मागे जातोय हे मला माहीत नाही. ते तुला ठरवायचं आहे. ओळ तुझी होती. तिसराही मार्ग असला तर तो लिही, पण रानाला फसवू नकोस. राजानं शब्द दिला आहे, तो मोडता येणार नाही.

चित्रं वेगळ्या पाकिटात पाठवते आहे. क्रमांक पाठीमागे पेन्सिलनं टाकले आहेत, पण अकरावं सगळ्यांत आधी बघ. आधी भरपूर उजेडात बघ, म्हणजे दोरा नीट दिसेल. मग रात्री खोलीतले सगळे दिवे बंद कर, पडदा जरासा उघडा ठेव आणि तेच चित्र घेऊन खिडकीशी बस. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात, तोवर उठू नकोस. दोरा दिसेनासा झाला की मला लिही.

तुझी मैत्रीण