पंपाची रिफिल जिल्ह्यातच व्हावी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत गेल्या पंधरवड्यात स्नायूंच्या ताठरतेसाठी पोटात बसवल्या जाणाऱ्या औषधाच्या पंपाविषयी लेख आला होता. खान्देशातल्या वाचकांपर्यंत हा विषय मराठीतून पोहोचला, याबद्दल आपले आभार मानते. मात्र लेख वाचून आमच्या ओळखीच्या दोन कुटुंबांनी मला फोन केले आणि दोघांचाही प्रश्न एकच होता, की पंप बसवला म्हणजे आमचा मुलगा चालायला लागेल का. आमच्या घरात गेले आठ महिने याच शस्त्रक्रियेवर विचार चालू आहे, म्हणून लेखात राहून गेलेले काही लिहिते.

माझा धाकटा भाऊ यावल तालुक्यात केळीची शेती करतो. चार वर्षांपूर्वी घड भरताना तो ट्रकवरून पाठीवर पडला आणि छातीच्या खालच्या पातळीवर त्याच्या मज्जारज्जूला इजा झाली. पाय गेले, एवढे लोकांना समजते. पण गेलेले पाय लुळे पडून राहत नाहीत, हे घरात घडल्याशिवाय कळत नाही. मेंदूकडून खाली येणारा, स्नायूंना आवरून धरणारा संदेश इजेच्या जागी तुटतो आणि त्याखालचा मज्जारज्जू जरा कुठे स्पर्श झाला, चादर सरकली, लघवीची पिशवी भरली की स्वतःच्याच बळाने पाय आखडून घेतो. भेटायला येणारी माणसे तो पाय उसळलेला पाहून आनंदाने म्हणतात, की बघा, हालचाल परत येते आहे. त्यांना दर वेळी समजावून सांगणे भावजयीला फार जड जाते.

रात्री दोन-अडीचच्या सुमारास त्याचे दोन्ही गुडघे पोटाकडे ओढले जातात, मांड्या कात्रीसारख्या एकमेकींवर घट्ट बसतात आणि टाचा गोधडीवर घासत राहतात. भावजय उठते, एक तळहात गुडघ्याखाली आणि दुसरा टाचेखाली धरते, आणि जोर न लावता, पाय आपणहून सैल होईपर्यंत तशीच बसून राहते. मग गुडघ्यांच्या मध्ये सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्याची घडी ठेवते, म्हणजे कातडी सोलवटत नाही. तासाभराने पुन्हा तेच. चार वर्षांत तिला सलग झोप लागलेल्या रात्री बोटांवर मोजता येतील.

गोळ्या अर्थातच चालू होत्या. बॅक्लोफेन हे औषध 1962 मध्ये मुळात अपस्मारासाठी तयार झाले आणि पुढे स्नायूंच्या ताठरतेवर उपयोगी ठरले. भावाचा डोस वाढत वाढत दिवसाला 60 मिलिग्रॅमपर्यंत गेला. पाय थोडे सैल झाले, पण माणूसच सुस्त झाला. जो भाऊ काट्यावरच्या पावत्या नुसत्या नजरेने जुळवत असे, तो पावती हातात धरून दुपारी बसल्या जागी झोपू लागला. तोंडाने घेतलेले औषध रक्तातून सगळ्या शरीरात फिरते आणि मज्जारज्जूपर्यंत त्याचा अगदी थोडा अंश पोहोचतो, म्हणून डोस वाढवला की आधी झोप वाढते.

पंपामागचा विचार इथूनच सुरू होतो. बूटपॉलिशच्या डबीएवढा गोल धातूचा पंप पोटाच्या कातडीखाली बसवतात, त्यातून निघालेली बारीक नळी कातडीखालूनच पाठीकडे नेतात आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडतात. औषध हवे तिथेच थेंबाथेंबाने पडते, म्हणून फार थोडे लागते. भावाला चाचणी म्हणून पाठीतून जो डोस दिला, तो 50 मायक्रोग्रॅमचा होता, म्हणजे त्याच्या दिवसभराच्या गोळ्यांच्या बाराशेव्या भागाएवढा. आमच्या नातेवाइकांपैकी काहींनी याला प्रयोग म्हणून नावे ठेवली. तसे नाही. शिकागोमध्ये रिचर्ड पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकाच्या मध्यावर हा उपचार केला, आणि 1992 मध्ये अमेरिकेत मज्जारज्जूच्या आजारातील तीव्र ताठरतेसाठी त्याला अधिकृत मान्यता मिळाली. मेंदूच्या इजेमुळे किंवा सेरेब्रल पाल्सीमुळे (लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेतून येणाऱ्या अपंगत्वामुळे) येणाऱ्या ताठरतेसाठी ती 1996 मध्ये मिळाली.

या उपचाराची सर्वांत चांगली गोष्ट ही, की कायमचा निर्णय घेण्याआधी एक दिवस तो अनुभवून पाहता येतो. मणक्यातून सुई घालून एकच डोस देतात, त्याचा परिणाम तासाभरात दिसू लागतो, चार तासांच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि काही तासांत उतरतो. मुंबईतल्या ज्या रुग्णालयात आम्ही गेलो, तिथे ही चाचणी काळजीपूर्वक झाली, हे मला आवर्जून सांगायचे आहे. डोस दिल्यावर दोन तासांनी भावजयीने त्याच्या पायाची नखे कापली. चार वर्षांत पहिल्यांदा पाय न उसळता दहाही नखे निघाली. तिने मांड्या अलग करून त्या ओल्या फडक्याने पुसल्या, तेव्हा त्या अलगद बाजूला झाल्या. भाऊ स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून बराच वेळ नुसता पाहत होता.

पण त्याच दुपारी दुसरी गोष्टही दिसली. घरी खाटेवरून चाकाच्या खुर्चीत जाताना तो दोन्ही हातांनी दांडी धरतो आणि पाय जमिनीला लावतो. त्या क्षणी पाय ताठ होतात आणि त्या ताठपणावर त्याचे वजन दोन-चार सेकंद पेलले जाते. ज्या ताठरतेने रात्रीची झोप घालवली, तीच दिवसा त्याला कोणी न उचलता खुर्चीत बसवत होती. चाचणीच्या डोसानंतर त्याने तसाच प्रयत्न केला आणि पाय खालून दुमडले, वॉर्डबॉयने धरला म्हणून तो पडला नाही. डॉक्टरांच्या कागदावर मात्र ताठरतेचा अंक चारवरून एकवर आल्याची नोंद झाली आणि चाचणी यशस्वी ठरली. अंक खराच होता. तरी रुग्ण रोज जी कामे करतो, ती चाचणीच्या दिवशी फिजिओथेरपिस्टच्या समोर करून पाहिल्याशिवाय ती चाचणी पुरी झाली असे मी मानत नाही. पंपाचा वेग बाहेरून यंत्राने बदलता येतो, रात्री जास्त आणि दिवसा कमी असा डोस लावता येतो, त्यामुळे या अडचणीवर मार्गही आहे. ही माहिती आम्हाला तिथे कोणी आपणहून दिली नाही. आम्ही विचारल्यावर ती मिळाली. दहा मिनिटांचे बोलणे, इंग्रजीतले एक माहितीपत्रक आणि संध्याकाळपर्यंत सहीची अपेक्षा, एवढ्यावर शेतकरी कुटुंबाने आयुष्यभराचा होकार द्यावा, हे मला पटले नाही. आम्ही सही न करता रात्रीच्या गाडीने जळगावला परतलो.

फोन केलेल्या दोन्ही कुटुंबांना मी जे सांगितले ते इथेही लिहिते. पंपाने तुटलेला मज्जारज्जू जुळत नाही आणि गेलेली ताकद परत येत नाही. वर्षानुवर्षे आखडून राहिल्याने जो सांधा कायमचा आवळला गेला आहे, तोही पंपाने सरळ होत नाही. कमी होते ती ताठरता. काहींना तेवढ्यानेही पुष्कळ मिळते, कारण झोप, स्वच्छता, बसता येणे आणि जखमा टळणे ही लहान सुखे नाहीत. आणि पंपाकडे जाण्याआधी ताठरता अचानक वाढण्याचे कारण शोधावे. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पाठीवरची जखम, मांसात घुसलेले नख यांतले काहीही पुरते. दोन वर्षांपूर्वी भावाचे पाय आवरेनासे झाले, तेव्हा तीन आठवडे गोळ्याच वाढवल्या गेल्या. शेवटी फिजिओथेरपीच्या मुलीने मोजा काढून पाहिले, तर अंगठ्याचे नख आत वाढून पू झाला होता. मोजक्याच स्नायूंत ताठरता असेल तर त्या स्नायूंना सैल करणारी बोट्युलिनमची इंजेक्शनेही आहेत, त्यांचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो. दोन्ही पाय कमरेपासून आखडत असतील तर मात्र ती पुरी पडत नाहीत.

आता मूळ मुद्द्यावर येते. शस्त्रक्रिया एकदा होते, पण पंप रिकामा होत राहतो. त्यात 20 किंवा 40 मिलिलिटर औषध मावते आणि डोसाप्रमाणे काही आठवड्यांनी ते जास्तीत जास्त सहा महिन्यांनी पोटाच्या कातडीतून सुई घालून ते पुन्हा भरावे लागते. सुरुवातीचे काही महिने डोस हळूहळू जुळवण्यासाठी आणखी फेऱ्या होतात. बॅटरी काही वर्षांनी, साधारणपणे चार ते सात वर्षांत, संपते आणि तेव्हा पंपच बदलण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. पंपाची किंमत काही लाखांत जाते, पण तो एकदाचा खर्च कुटुंब शेत गहाण ठेवूनही करील. रिफिलच्या तारखा गहाण ठेवता येत नाहीत.

तारीख चुकली तर काय होते, हे मी डॉक्टरांकडून दोनदा समजून घेतले. औषध एकाएकी थांबले, मग ते पंप रिकामा झाल्याने असो वा नळी पिळली गेल्याने, तर आधी अंगाला खाज सुटते, ताठरता पूर्वीपेक्षा जोराने उसळते, मग खूप ताप चढतो, माणूस भ्रमात जातो, स्नायू विरघळून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि वेळेत उपचार न झाल्यास जीवही जातो. घरी बॅक्लोफेनच्या गोळ्या ठेवायच्या असतात, पण त्या रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा आधार असतात, त्यांनी पंपाची जागा भरून निघत नाही. उलट डोस जास्त पडला तर गुंगी येते आणि श्वास मंदावतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 अंशांना टेकतो. त्या दिवसांत एखादा माणूस तापाने फणफणला आणि असंबद्ध बोलू लागला, तर घरचे काय, दवाखान्यातलेही आधी ऊन लागले असेच म्हणतील आणि सलाईन लावतील. पोटात पंप आहे आणि त्याची रिफिलची तारीख कधी होती, हे विचारणारा माणूस त्या वेळी समोर असायला हवा.

जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे 420 किलोमीटर आहे. पाठीवर जखम होऊ नये म्हणून ज्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, अशा माणसाला दर दोन-तीन महिन्यांनी तेवढ्या अंतरावर नेणे म्हणजे एक गाडी, दोन माणसे, बुडालेली मजुरी आणि प्रत्येक वेळी नव्या जखमेची धास्ती. त्यामुळे आमच्याकडे हा निर्णय वैद्यकीय कारणाने कमी आणि अंतराच्या कारणाने जास्त घेतला जातो, हे मी दुःखाने लिहिते. धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पूर्वीपासून आहे, जळगावात 2018 पासून आहे, नंदुरबारलाही झाले आहे. पंप बसवण्यासाठी न्यूरोसर्जन आणि सुसज्ज शस्त्रक्रियागृह लागते, ती शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यालाच झाली तरी चालेल. पण निर्जंतुक पद्धतीने सुई घालून औषध भरणे आणि यंत्राने डोस जुळवणे, यासाठी प्रशिक्षित डॉक्टर, एक परिचारिका, ते यंत्र आणि औषधाचा साठा एवढे पुरेसे आहे. तिन्ही जिल्ह्यांत मिळून असे एक केंद्र, ठरलेल्या वारी चालणारे, उभे राहणे अशक्य नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 25 मध्ये, विशेषतः ग्रामीण भागात, उत्पन्नाच्या मर्यादेला धरून, जवळच्या ठिकाणी मोफत आरोग्यसेवा देण्याची तरतूद आहे. ‘जवळच्या ठिकाणी’ हे शब्द कायद्यातले आहेत, आमचे नाहीत. ज्या रुग्णाला पंप बसवला जाईल, त्याच्या जिल्ह्यातल्या शासकीय रुग्णालयाकडे त्याची नोंद आणि रिफिलची तारीख पाठवण्याची पद्धतही घातली जावी. आणि सहीच्या आधी कुटुंबाच्या हाती मराठीत लिहिलेला कागद असावा, ज्यात धोक्याची लक्षणे, रात्री फोन करायचा क्रमांक आणि एमआरआय करण्याआधी व नंतर पंप तपासून घेण्याची सूचना असेल.

एक गोष्ट घरातल्यांसाठी लिहिते, कारण ती आम्हीही चुकलो. सुरुवातीचे दोन महिने मी, माझे यजमान आणि चुलते अंगणात बसून पंपावर चर्चा करत होतो आणि भाऊ आत खाटेवर पडून ती ऐकत होता. एके दिवशी त्याने हाक मारली आणि म्हणाला, “ताई, पोट माझं आहे, मला पण विचारा.” त्यानंतर प्रत्येक वेळी डॉक्टरांशी आधी तो बोलतो. भावजयीच्या झोपेचा विचारही तोच सर्वांत आधी मांडतो, आणि तिने आपल्यासाठी म्हणून हो म्हणू नकोस असे त्याला स्पष्ट सांगितले आहे.

भावाने अजून होकार किंवा नकार दिलेला नाही. दिवसाचा डोस कमी ठेवून खुर्चीत जाता येईल का, हे पाहण्यासाठी फिजिओथेरपिस्टसह पुन्हा चाचणी करण्यास तो तयार आहे. मुंबईच्या त्या रुग्णालयाला त्याने स्वतःच्या हाताने पत्र लिहून एकच गोष्ट विचारली आहे, की शस्त्रक्रियेनंतरची रिफिल जळगाव किंवा धुळ्यात कोण करून देईल. पत्र पाठवून पाच आठवडे झाले आहेत आणि उत्तर आलेले नाही. तोच प्रश्न आपल्या दैनिकामार्फत तिन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य प्रशासनापुढे ठेवावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक, ता. यावल, जि. जळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे)