तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

समोर उभं राहून आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा टाक" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय. इथे मला मध्येच तोडता येणार नाही.

माझ्या मांजरीनं, ठकीनं, पंधरावं वर्ष ओलांडलं आणि ती वाळायला लागली, तेव्हा आमच्या नेरुळच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांचं एकच मत होतं: म्हातारी झाली, चालायचंच. तुम्ही तेवढं जिन्यात थांबून विचारलंत, "पाणी किती पिते? आणि शू किती वेळा?" उभा जन्म वॉर्डात काढलेल्या बाईचा प्रश्न. दुसऱ्या दिवशी वजनकाटा घेऊन हजर. 3.3 किलो, जुन्या फायलीत 4.1 होतं. रक्ताचा रिपोर्ट आला, क्रिएटिनिन (मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ) 3.2. मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराच्या चार टप्प्यांपैकी तिसरा. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, क्रिएटिनिनचा आकडा वाढेपर्यंत मूत्रपिंडाचं जवळपास पाऊण काम बंद पडलेलं असतं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपायचं.

जपायचं म्हणजे काय, ते तुम्ही शिकवलंत. डॉक्टरांनी घरीच कातडीखाली सलाईन द्यायला सांगितलं आणि माझे हात कापायला लागले. तुम्ही पडद्याच्या दांडीला रिंगर लॅक्टेटची, म्हणजे त्या सलाईनची, बाटली टांगली, त्याआधी ती कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी गरम केली, दोन खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलली आणि सुई आत. ठकीला कळलंसुद्धा नाही. पाठीवर पाण्याचा फुगवटा आला, तो हळूहळू पुढच्या पायाकडे उतरला, ते बघून मी घाबरले, तर तुम्ही म्हणालात, "जिरेल रात्रीपर्यंत. नाही जिरलं किंवा धाप लागली तर डॉक्टरांना फोन. पुढची बाटली त्यांना विचारल्याशिवाय लावायची नाही."

मला तुमचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच आहे. हात एवढा सराईत, तरी दर वेळी "मी माणसांची नर्स, मांजराचं डॉक्टरांना विचार". ठकी लंगडायला लागली तेव्हा एका ओळखीच्यांनी पॅरासिटॅमॉलची अर्धी गोळी द्यायला सुचवलं होतं, अगदी प्रेमानं. तुम्ही आधी डॉक्टरांना फोन लावलात. मांजराच्या यकृताला ती गोळी पचवता येत नाही, थोडीशीही जिवावर बेतू शकते, हे तेव्हा कळलं. लंगडणं संधिवाताचं निघालं. मग तुम्हीच तिच्या ट्रेची पुढची कड कापून बुटकी केलीत आणि खिडकीखाली पाट मांडलात, वर चढायला.

खाण्याचं रामायण वेगळंच. फॉस्फरस कमी असलेलं किडनीचं खाणं ठकीनं हुंगलं आणि त्यावर माती ओढल्यासारखा पंजा फिरवला. दिवाळे गावच्या बाजारातल्या मांदेलीवर वाढलेली बाई ती! तुम्ही म्हणालात, उपाशी ठेवून हट्ट मोडायला जाऊ नको, मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साठते. (हेही डॉक्टरांकडूनच आणलेलं.) मग जुन्या खाण्यात नवं चमचा-चमचा मिसळायचं, थोडं गरम करून, म्हणजे वास सुटतो. अजून नाक मुरडते, पण खाते. ओलं खाणं दिल्यामुळे पाणीही पोटात जातं.

आणि ती सुयांची बरणी! जाड प्लास्टिकच्या बरणीवर तुम्ही लाल पेननं "सुया" लिहिलंत, आणि बरणी भरली की दवाखान्यात परत द्यायची, कचऱ्यात एकही सुई टाकायची नाही असा दम दिलात. आपल्या कचरा उचलणाऱ्या मावशींचा हात तुम्हाला माझ्याआधी आठवला.

परवाच्या रिपोर्टात क्रिएटिनिन 3.0 आहे, वजन 3.5 किलो. रक्तदाबाची गोळी चालूच ठेवायची आहे. तो वाढला तर एका दिवसात डोळे जाऊ शकतात, हे डॉक्टरांनी पुन्हा बजावलंय. सलाईन आता मी एकटी देते, ठकीही मुकाट बसते.

पैसे तुम्ही घेणार नाही, माहीत आहे. पण चकल्यांचा डबा पाठवते आहे तो निमूटपणे घ्या. आणि तुमचा वजनकाटा एवढ्यात परत मिळणार नाही.

तुमची,
खालच्या मजल्यावरची