वासा बघायचा तर मान वर करू द्या

संपादक साहेब,

स. न. वि. वि. कालच्या पेपरातला 'घरबसल्या लेणीदर्शन' लेख वाचला. छान आहे. आता वेरूळला जायची गरजच उरली नाही म्हणे! डोळ्याला लावला की लेणी समोर उभी राहते म्हणतात तो व्हीआर चष्मा लेखकाने स्वतः लावला होता का, एवढं फक्त विचारा त्यांना.

आमच्या तालुक्यात मागल्या महिन्यात असंच प्रदर्शन आलं होतं. वडील 76 वर्षांचे, जन्मभर सुतारकी केलेली, आता गुडघ्यांमुळे पायऱ्या होत नाहीत, म्हणून मी हौसेनं घेऊन गेलो. 10 नंबरची लेणी, म्हणजे आमचं सुताराचं झोपडं, लावायला सांगितलं. बाबांनी चष्मा लावायच्या आधी चपला काढल्या, ते बघून तिथलं पोरगं हसलं, मला राग आला पण गप बसलो.

मी लहान असताना ह्याच बाबांनी मला त्या लेणीत फरशीवर उताणं झोपवलं होतं. वर बघ म्हणाले, दगडात वासे कोरलेत, एकेक वासा मोजून घे. दगडाला वासा लागतोय कशाला? पण आधी अशी देवळं लाकडाची असायची, ती सवय हाताला राहिली, असं ते सांगायचे. मग नुसतं 'हूं' केलं तर आवाज छताला जाऊन घुमत खाली आला. अजून कानात आहे.

तर आता बाबा खुर्चीत बसून मान वर करून हात हवेत फिरवायले, वासा चाचपायले, आणि पोरगं म्हणतंय आजोबा हात खाली घ्या, तीन मिनिटं झाली, मागं लाइन आहे. घुमणं तर सोडाच, मागं बासरी लावलेली, बुद्धाच्या लेणीत बासरी कशाला ते त्यांनाच ठाऊक. वर बुद्ध 'ध्यानस्थ' म्हणून लिहिलेलं, अहो तो पाय खाली सोडून बसलाय, हात उपदेशाचे आहेत, 15 फुटांची मूर्ती आहे, दिसत नाही का?

सगळंच वाईट म्हणत नाही मी. अजिंठ्यात अंधार असतो, फ्लॅशला बंदी आहे आणि ती बरोबरच आहे, तिथला भिंतीवर रंगवलेला पद्मपाणी बोधिसत्त्व स्क्रीनवर जवळून चांगला दिसतो. पण चित्र वेगळं आणि आत उभं राहायची जागा वेगळी, हे लिहिणाऱ्याला कळू नये?

शिवाय तुम्ही लेखात फोटो छापला वेरूळच्या 10 नंबरचा आणि खाली नाव अजिंठा! फोटोखालचं नाव तेवढं उद्या दुरुस्त करून परत छापा, बाबा कात्री घेऊन बसलेत, चुकीच्या नावाचं कात्रण ठेवणार नाही म्हणायलेत.

- एक वाचक, कन्नड