ताई, लगाम माझ्या हातात दिलात त्याबद्दल

प्रिय ताई,

मला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूकडून स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. डावा हात आखडतो, डावा पाय ओढत टाकावा लागतो. याचं मला कधी फार वाटलं नाही. सलायचं ते ‘बिचारी’. लग्नकार्यात हातातलं ताट कुणीतरी काढून घ्यायचं, ‘तू बस गं’ म्हणायचं. ऐकून ऐकून मीही कुठल्या कामाला पुढे होईनाशी झाले होते.

मी तुमच्याकडे घोडेस्वारी शिकायला आले आणि आल्याआल्या तुम्ही माझ्या हातात खरारा, म्हणजे घोडीचं अंग घासायचा ब्रश, दिलात. घोडीच्या थेट समोरून किंवा मागून जाऊ नकोस, तिला तिथलं दिसत नाही, ती दचकेल. खांद्याकडून जा, आधी आवाज दे. मला जपण्याच्या सूचना आयुष्यभर ऐकल्या होत्या. इथे दुसऱ्या जिवाला मी जपायचं होतं!

घोडा चालतो तेव्हा त्याची पाठ पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलते, किंचित वळतेही, आणि माणूस चालताना कंबर जशी हलते तशीच स्वाराची कंबर हलते, हे तुम्ही समजावून सांगितलंत. माझ्या शरीराला ती सारखी, लयीतली चाल ठाऊकच नव्हती. खाली उतरल्यावर मांड्या काही वेळ सैल असायच्या. हा आजारावरचा उतारा नव्हे, व्यायाम चालूच ठेवायचा, हेही तुम्ही आईबाबांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलंत. तुमच्यावर विश्वास बसला तो तिथेच.

डेन्मार्कच्या लिस हार्टेलबद्दल मला तुमच्याकडूनच कळलं. १९४४ मध्ये पोलिओ झाला, गुडघ्याखालचे पाय लुळे पडले. घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागायची. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली करवून घेण्याच्या स्पर्धेचं, रौप्यपदक तिने पुरुष स्वारांच्या बरोबरीने उतरून मिळवलं. चढताना आधार घ्यायची लाज माझ्या मनातून तेव्हा गेली.

पण हे पत्र खरं तर एका प्रसंगासाठी आहे. घोडी मैदानाच्या मध्यावर थबकली. मी घाबरून श्वास रोखला होता, अंग ताठ केलं होतं. मोतद्दार काका दोरी ओढायला सरसावले आणि तुम्ही हातानेच त्यांना थांबवलंत. मला काहीच बोलला नाहीत. मी श्वास सोडला, खांदे सैल केले, पोटऱ्या दाबल्या, ‘चल’ म्हटलं. ती चालू लागली. माझ्या सांगण्यावरून!

मदतीला धावणारी माणसं मला खूप भेटली, ताई. थांबून वाट पाहणाऱ्या तुम्हीच.

परवा चुलतबहिणीच्या केळवणात मी वाढलं. आत्याने ताट घ्यायला हात पुढे केला, तर ‘असू दे, मी वाढते’ म्हणाले. जिलबी शेवटच्या पानापर्यंत नेली.

नवी मुलं येणार आहेत असं काका म्हणत होते. त्यांना खरारा शिकवायचं काम मला द्याल का? रविवारी सकाळी मी मोकळी असते.

तुमची,
रविवारच्या तुकडीतली विद्यार्थिनी