चिन्ह राजाचे, म्हणून वस्तू राजाची?

महोदय,

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत तिसवाडीतील एका जुन्या घरात सापडलेल्या, गोलयंत्र (आकाशातील वर्तुळे दाखवणारा कड्यांचा गोल) उठवलेल्या ब्राँझच्या वाटोळ्या तुकड्याचे छायाचित्र ‘राजा दोम मानुएलचे नाणे’, म्हणजे पोर्तुगालच्या राजाचे नाणे, अशी ओळ देऊन प्रसिद्ध झाले आहे. त्याच मजकुरात तुकड्याची मागची बाजू कोरी असून कडेला दोन भोके आहेत, असेही लिहिले आहे. ही दोन विधाने एकमेकांशी जुळत नाहीत. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर आफोंसो द आल्बुकर्कने येथे पाडलेल्या नाण्यांवर एका अंगाला गोलयंत्र आणि दुसऱ्या अंगाला ख्रिस्त-संघाचा (पोर्तुगालमधील धार्मिक सरदारसंघाचा) क्रूस असे. दोन ठशांमध्ये धातू ठेवून हातोड्याने ठोकलेल्या नाण्याची एक बाजू कोरी राहण्याचे कारणच नाही.

एकीकडे उठाव आणि दुसरी बाजू कोरी, हे लक्षण ‘प्लाकेट’चे आहे. प्रबोधनकाळात, पंधराव्या शतकाच्या मध्यापासून, इटलीत असे तळहातावर मावणारे ओतीव तुकडे होऊ लागले. मेणाच्या नमुन्यावर माती लिंपायची, मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, ही रीत आपल्याकडच्या मूर्तिकारांनाही परकी नाही. हे तुकडे दौतीवर, पेटीवर, तलवारीच्या मुठीवर, पुस्तकाच्या बांधणीवर, क्वचित टोपीवरही बसवत. कडेची भोके त्यासाठीच असावीत, असा माझा तर्क आहे. मात्र ती मागाहून कोणी पाडलेलीही असू शकतील.

याहून मोठी गफलत ‘राजाचे’ या शब्दात आहे. त्या काळचे युरोपीय राजे घराण्याच्या ढालीखेरीज स्वतःचे असे एक निराळे चिन्ह मिरवीत. फ्रान्सच्या बाराव्या लुईचे चिन्ह साळिंदर होते. हे जनावर आपले काटे दूरवर फेकते, अशी तेव्हाची समजूत होती आणि म्हणून ‘जवळून आणि दुरून’ हे त्याचे ब्रीद. (साळिंदर काटे फेकत नाही, हे आपल्याकडच्या कुळागरवाल्यांना (सुपारीच्या बागाईतदारांना) सांगायला नको.) १५१५ मध्ये त्याच्यामागून गादीवर आलेल्या पहिल्या फ्रान्सिसने ज्वाळांत बसलेला सॅलॅमँडर (पालीसारखा प्राणी) हे चिन्ह चालवले, शांबोरच्या वाड्यात ते छताछतांवर कोरलेले आहे. अशी चिन्हे राजाच्या चाकरीतले लोक, त्याची मर्जी राखू पाहणारे सरदार आणि गिऱ्हाईक ओळखून असलेले कारागीरही वापरत. चिन्हावरून निष्ठा किंवा फॅशन कळेल, मालक कळेलच असे नाही.

गोलयंत्राच्या बाबतीत तर अधिकच जपायला हवे. मानुएल सरदार असताना दुसऱ्या जुआंव राजाने त्याला ते चिन्ह दिले आणि १४९५ मध्ये गादी मिळाल्यावर त्याने ते सर्वत्र कोरवले. जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस आसिसी चर्चच्या काळ्या दगडी दरवाजावर ते आजही पाहता येते. चर्चची आताची इमारत १६६१ ची आहे, पण हा दरवाजा आधीच्या वास्तूचा राखलेला आहे. तथापि १५२१ मध्ये मानुएल वारला तरी गोलयंत्र वापरात राहिले. १९११ पासून तर ते पोर्तुगालच्या राष्ट्रध्वजावरच आहे. तेव्हा एवढ्याच खुणेवरून सोळावे शतक गाठणे धाडसाचे आहे. शिवाय जुन्या प्लाकेटवरून साचा घेऊन ओतलेल्या नकला पुष्कळ आहेत. धातू निवताना आकसतो, त्यामुळे नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते आणि तिच्या रेषाही बोथट येतात. व्यास मोजल्याशिवाय काहीच बोलता येत नाही, आणि नेमका तोच आपल्या मजकुरात नाही.

छायाचित्रासाठी घरच्यांनी तो तुकडा चिंच लावून लखलखीत केला, हे वाचून मात्र वाईट वाटले. समईला ते ठीक आहे. जुन्या ब्राँझवर चढलेला काळपट थर हाही पुरावाच असतो, आणि तो एकदा गेला की परत येत नाही. वस्तू शंभर वर्षांहून जुनी ठरल्यास तिला १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही, हेही त्या कुटुंबाला कळवणे बरे.

पुढील अंकात आपण मागच्या बाजूचे छायाचित्र, व्यास आणि वजन छापावे, आणि छायाचित्राखालचा ‘नाणे’ हा शब्द मागे घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, डिचोली